तलवारीचा धडा : जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव



जपानच्या सामुराई योद्ध्यांचे चित्रपट आणि कार्टून तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असतात. कमरेला दोन तलवारी, चेहऱ्यावर शांतपणा आणि क्षणात होणारा वार, हे चित्र डोळ्यांसमोर पटकन उभे राहते. मियामोतो मुसाशी हे नावही अनेकांना ठाऊक असते. पण खंडेराव मार्केटवरून रोज ये-जा करणाऱ्या आपल्यातील किती जणांना जुम्मादादा आणि राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांच्याविषयी चार वाक्ये सांगता येतील? दांडिया बाजारातील त्यांचा आखाडा मार्केटपासून पायी जाण्याइतका जवळ आहे. तलवार, पट्टा, लाठी, जंबिया, मल्लखांब आणि कुस्ती या विद्या तिथे एका गुरूने शिकवल्या आणि त्याच्या शिष्याने त्या देशभर पोहोचवल्या.

या लेखात त्या दोघांची ओळख करून घ्यायची आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. तलवारबाज मोठा केव्हा ठरतो? त्याने किती जणांना हरवले यावरून, की त्याच्यानंतर त्याची विद्या किती जणांच्या हातात राहिली यावरून?

खंडेरावांची हौस

सुरुवात मार्केटच्या नावापासूनच करू. आज जिथे महानगरपालिकेची कचेरी आहे आणि ज्याच्या आसपास भाजी-फुलांचा बाजार भरतो, ती देखणी इमारत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारली आणि तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले. खंडेराव १८५६ पासून १८७० पर्यंत बडोद्याच्या गादीवर होते. त्यांच्या पश्चात महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव. म्हणजे खंडेराव हे सयाजीरावांचे दत्तक पिता.

खंडेरावांना कुस्तीचा आणि साठमारीचा मोठा नाद होता. त्यांच्या पदरी नामांकित पैलवान असत. हत्तींच्या झुंजी पाहायला सारे शहर लोटत असे. १८६० च्या दशकात लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात इथल्या ‘नक्की की कुस्ती’चे वर्णन केले आहे. या प्रकारात पैलवान मुठीत शिंगाची नखे बांधून एकमेकांवर तुटून पडत. यालाच वज्रमुष्टीची कुस्ती असेही म्हणतात. रक्ताने माखलेली ती झुंज पाहून रूसले हादरून गेला होता.

या वर्णनातून एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळी शस्त्रविद्या आणि मल्लविद्या जिवंत होत्या, पण त्या राजाच्या हौसेवर जगत होत्या. दरबारी पैलवानाला दूध-तूप, पगार आणि मान मिळे. राजाची मर्जी फिरली किंवा राजा बदलला की सारेच अधांतरी. शिवाय विद्या गुप्त ठेवली जाई. चांगला डाव म्हणजे घराण्याची ठेव, तो परक्याला दाखवायचा नाही, अशी वस्तादांची रीत होती. वस्ताद गेला की त्याच्याबरोबर कितीतरी डावही जात.

दोन देश, एकच अडचण

आता थोडे जपानकडे पाहू. मियामोतो मुसाशी हा सतराव्या शतकातील तलवारबाज. त्याचा जन्म १५८४ च्या सुमाराचा आणि मृत्यू १६४५ मधला. वयाच्या तेराव्या वर्षी आपण पहिला सामना जिंकला आणि तिशीच्या आत साठाहून अधिक सामने एकही न हरता लढलो, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. साधारण १६१२ मध्ये सासाकी कोजिरो या नामांकित प्रतिस्पर्ध्याशी एका लहानशा बेटावर त्याचा सामना झाला. मुसाशी मुद्दाम उशिरा पोहोचला आणि होडीच्या वल्ह्यातून कोरलेल्या लाकडी तलवारीने त्याने कोजिरोला लोळवले, ही कथा जपानी मुलांना आपल्याकडच्या अफझलखानाच्या कथेइतकी पाठ असते.

पण मुसाशीचे नाव आज जगभर घेतले जाते ते त्या साठ सामन्यांपेक्षा एका छोट्या पुस्तकामुळे. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत तो कुमामोतोजवळच्या एका गुहेत राहिला आणि तिथे त्याने तलवारीविषयीचे आपले विचार पाच भागांत लिहिले. त्या भागांची नावे आहेत पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि पोकळी. आपल्या पंचमहाभूतांशी ही नावे जुळतात, कारण बौद्ध विचाराबरोबर ती कल्पना भारतातूनच तिकडे गेली.

पुढे जपानवर एक अवघड प्रसंग आला. १८७६ मध्ये तिथल्या सरकारने हुकूम काढून सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी केली. शेकडो वर्षे ज्या शस्त्रावर एका वर्गाची ओळख उभी होती, ते शस्त्र एका कागदाने कमरेवरून उतरले. आपल्याकडे अवघ्या दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, इंग्रज सरकारने शस्त्रास्त्रांचा कायदा केला आणि ब्रिटिश मुलखातील सामान्य माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईनासे झाले. संस्थानांच्या फौजाही तहांनी बांधलेल्या होत्या, आणि लढाईत तर बंदूक व तोफ यांनी तलवारीला केव्हाच मागे टाकले होते. जपानचा सामुराई आणि मराठी मुलखातला पटाईत या दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. ज्या विद्येचा आता युद्धात उपयोग नाही, ती शिकायची कशासाठी?

जपानने याचे उत्तर शाळेत शोधले. कानो जिगोरो या शिक्षकाने १८८२ मध्ये जुन्या झटापटीच्या विद्येतून ज्यूदो तयार केला. जीवघेणे डाव बाजूला ठेवले, पडावे कसे हे आधी शिकवले आणि विद्येला चारित्र्याच्या शिक्षणाचे रूप दिले. १९११ मध्ये तलवारबाजी आणि ज्युजुत्सू हे तिथल्या माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात आले. आज जगातल्या लहान-मोठ्या शहरांत ज्यूदोचे वर्ग चालतात ते यामुळे.

आपल्याकडे असे काम कोणी केले? त्या कामाचे एक महत्त्वाचे ठिकाण बडोदे होते.

गुरू आणि शिष्य

जुम्मादादा हे बडोद्यातील वस्ताद. कुस्ती, मल्लखांब आणि शस्त्रांचे हात यांत त्यांचा दबदबा होता. त्यांच्या आखाड्याची स्थापना १८८० मधली मानली जाते. ते धर्माने मुसलमान होते आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत ब्राह्मण, मराठा, गुजराती अशी सर्व घरांतील मुले होती. आखाड्याच्या मातीत उतरताना जात विचारायची पद्धत नव्हती. वस्तादांच्या पायांना हात लावायचा, माती कपाळाला लावायची आणि सांगतील तितके जोर मारायचे, एवढाच नियम.

याच आखाड्यात गजानन यशवंत तांबे नावाचा एक मुलगा तयार झाला. त्याचा जन्म १८७८ चा, म्हणजे ज्या वर्षी इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला त्याच वर्षीचा. लोक त्याला माणिकराव म्हणत आणि पुढे तेच नाव रूढ झाले. बडोदे दरबारने त्यांना ‘राजरत्न’ ही पदवी दिली. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

शिष्याने आखाडा मोठा केला, पण त्यावर नाव गुरूचेच ठेवले. ‘श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर’ हे नाव जरा सावकाश वाचा. एका मुसलमान वस्तादाच्या नावाने उभे असलेले हे मंदिर आहे, आणि ते एका हिंदू शिष्याने आयुष्यभर सांभाळले. यावर कोणी भाषण केले नाही की फलक लावले नाहीत. गुरूचे नाव दाराशी असावे इतकी साधी ती गोष्ट होती. आखाड्याची भाषाही अशीच मिसळलेली आहे. वस्ताद, तमाचा हे शब्द फारसी-उर्दूकडून आलेले. पवित्रा, शिर, मल्लखांब हे आपल्याकडचे. दोन्ही शब्द एकाच श्वासात उच्चारले जातात.

तलवार शिकवतात कशी?

चित्रपटात नायकाच्या हाती तलवार येते आणि तो लगेच लढू लागतो. आखाड्यात मात्र तलवार सर्वात शेवटी हातात येते. याचा क्रम समजून घेण्यासारखा आहे.

आधी शरीर. जोर, बैठका, नमस्कार, मुद्गल फिरवणे आणि मल्लखांब. मल्लखांबाची कथा प्रसिद्ध आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आव्हान घेऊन पुण्यास आले. ते आव्हान नाशिकजवळच्या कोठुरे गावच्या बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले आणि तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले. तिथे देवीच्या कृपेने हनुमंताने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले, असे परंपरा सांगते. कथेतला चमत्कार कोणाला पटो वा न पटो, त्यातला व्यवहार खरा आहे. समोर जोडीदार नसला तरी खांबाला प्रतिस्पर्धी मानून पकड, चपळाई आणि तोल यांचा सराव करता येतो.

मग पाय. शस्त्राच्या शिक्षणात पहिला धडा हाताचा नसून पायांचा असतो. याला पवित्रे म्हणतात. कोणता पाय पुढे, भार कोणत्या पायावर, मागे सरताना टाच कुठे पडते, वळताना नजर कुठे राहते, हे महिनोन्‌महिने घोटवून घेतात. कारण सोपे आहे. वार पोहोचेल की नाही हे हाताच्या लांबीपेक्षा पायाने ठरवलेल्या अंतरावर अवलंबून असते. एक वीत कमी पडली तर वार हवेत, एक वीत जास्त झाली तर आपण शत्रूच्या टप्प्यात.

त्यानंतर फरीगदका. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली छडी आणि फरी म्हणजे हातात धरायची लहान ढाल. तलवारीचे वार आणि ते अडवणे हे सारे या जोडीवर शिकवतात. तमाचा गालावर, शिर डोक्यावर, कमर कमरेवर, बाहेरा उलट बाजूने, अशी वारांची नावेच शरीराचा नकाशा सांगतात. छडीचा फटका बसतो, वळ उठतो, पण जीव जात नाही. चूक करायची आणि त्यातून शिकायची मुभा देणारे हे साधन आहे. जपानी तलवारबाजही सरावाला लाकडी किंवा बांबूची तलवार वापरतात, त्यामागचा विचार हाच.

शेवटी पट्टा आणि तलवार. मराठ्यांचा दांडपट्टा हे अजब हत्यार आहे. लांब, सरळ आणि लवचिक पाते, आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ. आतल्या आडव्या दांडीला मूठ धरायची. त्यामुळे मनगट वळतच नाही. तलवारीत मनगटाची कमाई असते, पट्ट्यात मात्र खांदा, कंबर आणि पाय यांनी वार काढावा लागतो. म्हणून पट्टा फिरवणारा सतत गोल फिरताना दिसतो. ती नाचाची ढब नव्हे. पाते थांबले तर त्याला पुन्हा वेग देण्यात वेळ जातो, म्हणून गती न मोडता एक वार दुसऱ्यात मिसळायचा असतो. चारी बाजूंनी वेढलेल्या माणसाला स्वतःभोवती मोकळी जागा राखण्यासाठी हे हत्यार उपयोगी पडे.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्ट्याने लिंबू कापण्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. लिंबू जमिनीवर किंवा जोडीदाराच्या तळहातावर ठेवलेले असते. पाहणाऱ्याला ती जादू वाटते. प्रत्यक्षात पवित्रा, अंतर आणि हात आवरण्याची क्षमता यांची ती परीक्षा असते. जोराने मारणे कोणालाही जमते. नेमक्या ठिकाणी थांबणे वर्षांच्या मेहनतीने येते. (हा प्रयोग घरी करून पाहण्याचा नाही, हे सांगायला नकोच.)

आखाड्यातून मैदानात

हा क्रम जुन्या वस्तादांनाही ठाऊक होता. मग माणिकरावांनी नवे काय केले?

त्या काळचे बडोदे आठवा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. हजारो मुले शाळेच्या पटावर आली. जुन्या पद्धतीत एक वस्ताद हौद्याभोवती वीस-पंचवीस मुले तयार करी. एवढ्या मुलांना ती पद्धत कशी पुरणार? माणिकरावांनी बंद तालमीतला व्यायाम मोकळ्या मैदानावर आणला आणि शेकडो मुलांनी एकाच वेळी, एका तालात करण्याजोगा सांघिक व्यायाम बसवला. लाठी, लेझीम, जंबिया, जोर-बैठका यांचे टप्पे पाडले, आकड्यांवर हालचाली बांधल्या.

त्यासाठी हुकूम लागतात, आणि तेव्हाचे सगळे कवायती हुकूम इंग्रजीत असत. माणिकरावांनी कवायतीसाठी आपल्या भाषेतले हुकूम वापरात आणण्यात पुढाकार घेतला. आज शाळेच्या मैदानावर ‘दक्ष’ आणि ‘विश्राम’ ऐकताना आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण परकी राजवट असताना शेकडो तरुण देशी शब्दांवर एकसाथ पाऊल टाकतात, या दृश्याचा अर्थ त्या पिढीला नीट कळत होता, आणि सरकारलाही.

या आखाड्यातून पुढे गेलेली नावे पाहिली की कामाचा आवाका कळतो. डभोईस जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो याची प्रयोगशाळेत मोजमापे घेण्यास सुरुवात केली. दांडिया बाजारच्या मातीतून निघालेली एक वाट अशी योगाच्या शास्त्रीय अभ्यासापर्यंत गेली. छोटुभाई आणि अंबुभाई या पुराणी बंधूंनी गुजरातेत गावोगावी व्यायामशाळांची चळवळ नेली, तिच्यामागेही बडोद्याच्या या वातावरणाची प्रेरणा होती. तिकडे वऱ्हाडात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. मराठी माणसाच्या आखाड्याला हे दिवस आले, कारण काही जणांनी विद्या झाकून न ठेवता वाटली.

माणिकरावांची आणखी एक ओळख जुन्या बडोदेकरांच्या तोंडी आहे, ती म्हणजे हाडवैद्य. आखाड्यात सांधा निखळणे, लचक भरणे, हाड मोडणे हे रोजचेच. त्यामुळे चांगल्या वस्तादाला मोडलेले जोडताही यावे लागे. ज्या बोटांना शस्त्र कुठे लागते हे ठाऊक, त्याच बोटांना सांधा कसा बसवायचा हेही ठाऊक. शस्त्र चालवणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते, असे म्हटले तर चूक ठरू नये.

देहातली विद्या कागदावर

सर्वात मोठे काम मात्र अजून सांगायचे आहे. शस्त्रविद्या शरीरात राहते. कविता लिहून ठेवता येते, राग ध्वनिमुद्रित करता येतो. पण पवित्रा हा एका माणसाच्या गुडघ्यात आणि नजरेत असतो. तो माणूस गेला की पवित्राही जातो. माणिकरावांच्या पिढीने हा धोका ओळखला.

बडोद्यातच दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ तयार झाला. मराठीतील हा कोश दहा खंडांचा आहे आणि त्याचे प्रकाशन १९३६ पासून पुढे अनेक वर्षे चालले. कुस्तीचे डाव, मल्लखांबाच्या उड्या, लाठी, फरीगदका, पट्टा, देशी खेळ, मालिश, अशा विषयांची माहिती चित्रांसह त्यात आहे. १९५० मध्ये त्याचा संक्षेप इंग्रजीत निघाला. आज जगात कोठेही भारतीय मल्लविद्येवर कोणी अभ्यास करू लागले की या कोशापाशी थांबावेच लागते.

मुसाशीने गुहेत बसून एकट्याने पुस्तक लिहिले. बडोद्यात अनेक वस्तादांची विद्या एकत्र करून ती सर्वांसाठी मांडली गेली. एका कुळाची ठेव अशी साऱ्या समाजाची झाली, आणि तीही आपल्या मराठी भाषेत.

दंतकथांचे काय करायचे?

मोठ्या पैलवानांभोवती आणि तलवारबाजांभोवती दंतकथा जमतातच. त्या खोट्या म्हणून फेकून द्याव्यात का? तसे करण्याची गरज नाही, पण त्या डोळे उघडे ठेवून ऐकाव्यात. त्यासाठी एक उदाहरण आपल्याच शहरात आहे.

सयाजीबागेतील संग्रहालयात एक मोठा दगड ठेवलेला आहे. तो गामा पैलवानाने २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला, अशी नोंद आहे. गामाचा जन्मही माणिकरावांप्रमाणे १८७८ चा, म्हणजे तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. दगडाचे वजन १२०० किलो सांगतात. आता थोडा विचार करा. आजच्या जगातील सर्वात बलवान माणसांनी, खास बनवलेल्या लोखंडी दांड्याने, जमिनीवरून उचललेला सर्वाधिक भार पाचशे किलोच्या थोडा वर आहे. मग १२०० किलो? कदाचित दगड एका कडेवर टेकवून वर घेतला असेल, कदाचित वजनाचा आकडा सांगता सांगता वाढला असेल. गामा असामान्य होता यात शंका नाही. त्याच्या कुस्त्यांचा इतिहास त्याची साक्ष देतो. पण त्याचे मोठेपण सिद्ध करायला आकडा फुगवण्याची गरज नव्हती.

मुसाशीचेही तसेच झाले. आज लोकांना आठवतो तो मुसाशी बराचसा एइजी योशिकावा या लेखकाच्या कादंबरीतला आहे. ती १९३५ ते १९३९ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्यावर चित्रपट निघाले. कादंबरीतला नायक इतका ठसठशीत झाला की खरा माणूस त्याच्या आड गेला.

दंतकथेचा एक गुण आहे आणि एक दोषही. गुण असा, की ती मुलाला आखाड्याच्या दारापर्यंत आणते. दोष असा, की ती मेहनत लपवते. ‘एका घावात दोन तुकडे’ हे सांगणारी कथा त्या घावामागची पंधरा वर्षे सांगत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, ती माणसेच वेगळी होती, आपल्याला हे जमायचे नाही. माणिकरावांचे आयुष्य याच्या उलट सांगते. टप्पे पाडले, क्रम बांधला आणि रोज केले तर सामान्य प्रकृतीच्या मुलालाही पुष्कळ जमते. त्यांनी बसवलेल्या सांघिक व्यायामाचा पायाच हा होता.

आपल्या हातात काय आहे?

दसऱ्याला घरोघरी आपण शस्त्रपूजन करतो. अनेकांकडे आता शस्त्र म्हणून विळी, कात्री, गाडीची किल्ली आणि संगणक पुजला जातो. त्यात गैर काही नाही. माणिकरावांच्या आखाड्यात मात्र खरी जुनी शस्त्रे जतन केलेली आहेत. पण शस्त्र जतन करणे सोपे असते. तेल लावले, कपाट बंद केले की झाले. ते हातात कसे धरायचे हे जतन करणे कठीण. त्याला दरवर्षी नवी मुले लागतात.

बडोद्यातील मराठी घरांत आजही असे आजोबा आणि काही आजी आहेत, ज्यांनी लहानपणी आखाड्यात लाठी-लेझीम शिकलेली आहे. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण पवित्र्यांचा क्रम आणि वारांची नावे त्यांच्या ओठांवर आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत पाचवी ते नववीच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी वडीलधाऱ्या व्यक्तीपाशी बसावे. कोणत्या तालमीत जात होता, वस्ताद काय शिकवत, दिवसाला किती जोर काढत, कोणते शब्द वापरत, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. जमल्यास मोबाईलवर त्यांचा आवाज आणि हातांची हालचाल टिपून ठेवावी. दहा खंडांच्या ज्ञानकोशात जे आले नाही ते कदाचित तुमच्या आजोबांच्या आठवणीत असेल.

पालकांना एक विनंती. शिकवणीच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन संध्याकाळी तालमीसाठी मोकळ्या ठेवाव्यात, मुलींसाठीही. मैदानावर पडून उठायला शिकलेले मूल परीक्षेतही पडून उठते. आणि विश्वस्त मंडळींनी जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मल्लखांब, लेझीम व फरीगदका यांसाठी व्यायामाचा एखादा तास राखून ठेवण्याचा विचार करावा. त्यासाठी लोखंडी हत्यार लागत नाही. वेताची छडी, मोकळे अंगण आणि दररोज वेळेवर येणारा शिक्षक एवढे पुरेसे आहे.

जुम्मादादांनी किती जणांना चीत केले याचा हिशेब आज कोणी मांडत नाही. त्यांनी एक शिष्य तयार केला, त्या शिष्याने शेकडो केले, आणि गुरूचे नाव दारावर राहिले. हा हिशेब मात्र अजून चालू आहे. त्यात पुढची नावे घालायची असतील तर ती आपल्या शाळेच्या पटावरूनच येतील.